सामाईक भिंतीतलं शोकेस

लग्न होऊन मी पांढुर्ण्याहून सौंसरला आले, तेव्हा माझ्या सामानात पुठ्ठ्याचं एक खोकं होतं. त्यात तणसात गुंडाळलेला लेमन सेट होता. एक उंच जग, त्याच्या जोडीचे पेले, खाली ट्रे, सगळ्यांवर नारिंगी फुलं. माझ्या मावशीनं दिला होता. सासूबाईंनी खोकं उघडलं, एकेक पेला खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि परत तणसात गुंडाळून ठेवला.

"लय सुंदर हाये गं," त्या म्हणाल्या. "पण ठेवाचा कुठं?"

खरोखरच जागा नव्हती. स्वयंपाकघरात स्टीलच्या भांड्यांची मांडणी होती, तिच्यावर ताटं-वाट्या खेटून उभ्या. तिथं काचेचा पेला ठेवणं म्हणजे त्याचा जीव घेणं. तेव्हा सेट गेला पलंगाखाली. सासूबाईंना मी आई म्हणायचे. आई दर चार-आठ दिवसांनी पलंगाखालचं खोकं ओढायच्या, पेले मोजायच्या आणि उसासा टाकून परत ढकलायच्या.

त्यांच्या उसाशाचं मूळ पांढुर्ण्यात होतं. त्यांच्या धाकट्या बहिणीनं तिथं बैठकीच्या भिंतीतच शोकेस करून घेतलं होतं. पुढून सरकत्या काचा, आत बारीक ट्यूबलाईट, आणि त्या उजेडात कपबशा, फुलदाण्या आणि कधीच कोणी न जेवलेल्या चिनी मातीच्या प्लेटा. आम्ही एकदा तिच्याकडं हळदीकुंकवाला गेलो तर बायका कुंकू लावून घेताना मान वळवून शोकेसकडंच पाहत होत्या. परतीच्या बसमध्ये आई सौंसर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. उतरल्यावर म्हणाल्या, "आपल्यालेही भिंत हाये."

भिंत होती, पण ती साधी नव्हती.

आमचं घर आणि शेजारचं घर पूर्वी एकच होतं. वाटणीत ते मधोमध तुटलं. अर्धं माझ्या सासऱ्यांकडं, अर्धं त्यांच्या चुलतभावाकडं. दोघांच्या बैठकींमध्ये जो दरवाजा होता तो विटा रचून बुजवला गेला. जुनी भिंत मातीची, चांगली रुंद. बुजवणाऱ्या विटा मात्र एकेरी. त्यामुळं दाराच्या जागी दोन्ही बाजूंनी एकेक उथळ कोनाडा राहिला होता, माणसाच्या उंचीचा. आमच्या कोनाड्यात मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, छत्री आणि ऑफिसचा कोट टांगलेला असायचा. मामाजी तहसिलीत कारकून होते.

वाटणी सलोख्यानं झाली होती. बोलणं बंद झालं ते नंतर, एका लग्नात. तिथं मानाचा शेला आधी चुलतभावाला दिला आणि मग मामाजींना. मामाजी मोठे. त्यांनी तो शेला तिथंच खुर्चीवर ठेवला आणि न जेवता घरी आले. तेव्हापासून दोघं भाऊ एकाच वेळी अंगणात आले तर एक जण आभाळाकडं पाहायचा आणि दुसरा चपलेकडं. नवऱ्यांचं बंद म्हणून बायकांचंही बंद. चुलत सासूबाईंना, काकूजींना, मी लग्नातच काय ते नीट पाहिलं होतं.

आईंनी विषय काढला तो मामाजी जेवून सुपारी कातरत बसले तेव्हा.

"त्या कोनाड्यात शोकेस करून घेऊ म्हणते."

"कायले?"

"भांडे ठेवाले."

"भांडे जेवाचे असतात का पाह्याचे? आपण काय म्युझियम काढून राहिलो?" सुपारीचं खांड तोंडात टाकून त्यांनी निकाल दिला. "अन् त्या भिंतीले हात लावाचा नाही. उद्या तो म्हणन, माही भिंत पोखरली."

आई गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं म्हणजे माघार असं मामाजींना इतक्या वर्षांच्या संसारानंतरही वाटायचं, याचं मला नवल होतं. आठवडाभर आई रोज कोनाड्यासमोर उभ्या राहून कोटावरची धूळ झटकायच्या आणि म्हणायच्या, "काय ही जागा वाया गेली बापा!" शेवटी मामाजी वैतागले. "टाक फळ्या, पण नुसत्या फळ्या. भिंतीले छिन्नी लागली तर पाह्य."

सुतार आला. त्यानं माझ्या सेटचा ट्रे कोनाड्यात धरून पाहिला. ट्रे चार बोटं बाहेर आला.

"बाई, काच बंद होणार नाही," तो म्हणाला. "भिंत जराशी आत घ्यावी लागन."

आई माझ्याकडं पाहून हसल्या. त्या क्षणी आमचं सासू-सून हे नातं संपलं आणि आम्ही एका टोळीतल्या झालो.

संधी लौकरच आली. नात्यातल्या एका मुलाचं पांढुर्ण्याला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, बोलावणं दोन्ही घरांना. जायच्या दिवशी सकाळी आईंचं डोकं दुखायला लागलं. सून म्हणून मला त्यांच्यापाशी थांबणं भागच होतं. माझे मिस्टर बोरगावच्या शाळेत शिक्षक, ते शाळेत गेले. नणंद कॉलेजात. मामाजी धोतर नेसून निघाले. खिडकीतून आम्ही पाहिलं, चुलतसासरे, म्हणजे काकाजीही निघाले, तेही एकटेच. एकाच बसला दोघं, एक पुढच्या दारातून चढला आणि दुसरा मागच्या.

बस वळली तशी आईंनी कपाळाची पट्टी सोडली. "जा, मिस्त्रीले हाक मार."

मिस्त्री कोपऱ्यावरच्या पानठेल्याशी आमची वाट पाहत होता. त्यानं कोनाड्यातून छत्री-कोट काढून माझ्या हातात दिले आणि छिन्नीवर हातोडी मारली. जुना गिलावा पापडासारखा सुटला. आई पदर कमरेला खोचून सांगत होत्या, "सावकाश, सावकाश, चारच बोटं." मी झाडू घेऊन उभी. थोड्या वेळानं मिस्त्री थांबला आणि त्यानं कान लावला.

"बाई, मी हात थांबवला तरी ठकठक येऊन राहिली."

आम्हीही ऐकलं. आतून, विटांच्या पलीकडून, बारीक ठकठक येत होती. मग तीही थांबली. मिस्त्रीनं परत हातोडी मारली तशी तिकडूनही सुरू झाली.

"घुशी असतील," आई म्हणाल्या.

"घुशीले हातोडी कुठून आली?" मिस्त्री म्हणाला आणि त्यानं एक जोराचा ठोका दिला. वीट हलली, आत सरकली आणि धपकन पलीकडं पडली.

"अगं माय वं!" पलीकडून कोणी तरी किंचाळलं.

धूळ खाली बसली. भोकातून एक डोळा दिसला, मग कुंकू, मग धुळीनं पांढरा झालेला अर्धा चेहरा. काकूजी होत्या. त्यांच्या एका हातात खलबत्त्याचा बत्ता होता आणि दुसऱ्यात जुनं उलथनं.

दोघी जावा किती तरी काळानं समोरासमोर आल्या होत्या, त्याही विटेएवढ्या भोकातून. मला वाटलं, आता गल्ली गोळा होणार.

"काहून वं," आई म्हणाल्या, "तू काय करून राहिली तिकडं?"

"तुम्ही काय करून राहिल्या बाई?"

"मी आधी विचारलं."

काकूजींनी बत्ता पाठीमागं लपवला, पण आता काय लपणार होतं? "शोकेस," त्या हळूच म्हणाल्या. "यांनी फळ्या टाकून देल्ल्या, पण माह्या प्लेटा उभ्या राह्यत नाहीत. खोदू देत नव्हते. मग आज तुमच्याकडं ठोकणं सुरू झालं. म्हटलं, आपलं ठोकणं यातच खपून जाईन."

"तू साक्षगंधाले काहून नाही गेली?"

"डोकं दुखून राहिलं ना."

आई हसायला लागल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. तिकडून काकूजीही. मिस्त्री छिन्नी घेऊन बावळटासारखा एकदा इकडं, एकदा भोकाकडं पाहत राहिला. मी चहा टाकला. काकूजींचा कप मी त्या भोकातूनच दिला. बशी आडवी जाईना, म्हणून त्या बशीशिवाय प्याल्या. दोघींनी भिंतीच्या दोन बाजूंना पाट टाकले आणि मागच्या सगळ्या लग्नांच्या, बारशांच्या आणि सुनांच्या गोष्टी काढल्या. माझ्यासमोर सुनांच्या गोष्टी काढायला त्यांना काही वाटलं नाही, यावरून मी टोळीत पक्की झाले हे मला कळलं.

दुपार कलली तेव्हा मिस्त्रीनं खाकरून विचारलं, "मंग बुजवू का हे?"

काकूजींनी भोकाच्या कडेची एक वीट हलवून पाहिली. मग त्या म्हणाल्या, "बाई, सगळ्याच विटा काढल्या तर? दोन्हीकडं भरपूर खोली मिळन. मधात नुसती एक फळी."

आईंनी एवढी अक्कल चुलत जावेला असेल असं कधी मानलं नव्हतं. त्या माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "पाह्यलं?"

त्या संध्याकाळी बस आली तेव्हा आमच्या बाजूनं भोकावर चादर टांगलेली होती आणि काकूजींच्या बाजूनं देवादिकांचं मोठं कॅलेंडर. मामाजींनी विचारलं तर आई म्हणाल्या, सुतारानं रंग लावला, ओला हाये, हात लावू नका. दुसऱ्या दिवशी मामाजी ऑफिसात आणि काकाजी बाजारातल्या आपल्या कापडाच्या दुकानात जाताच मिस्त्रीनं उरलेल्या विटा काढल्या आणि सुतारानं सागवानी चौकट बसवली. चौकट एकच, तोंडं दोन. वरच्या खणांना पाठीशी पक्की प्लाय ठोकली. खालच्या खणाशी आल्यावर आई सुताराला म्हणाल्या, "इथली प्लाय सरकती ठेव. काचेसारखी, दोन तुकड्यांत."

सुतारानं मान वर करून पाहिलं. पलीकडून काकूजींनी पाहिलं. त्यानं मुकाट्यानं खाच पाडली.

शोकेस तयार झालं. हिरवट रंग, सरकत्या काचा, वर माझा लेमन सेट. मामाजी चष्मा लावून आले. फळीवरून बोट फिरवलं, काच सरकवून पाहिली आणि विचारलं, "भिंत खोदली नाही ना?"

"नाही बापा," आई म्हणाल्या. "भिंतीत आता खोदासारखं काहीच नाही."

हे वाक्य मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि पोळी तव्यावर जळू दिली.

त्यानंतर ज्या गमती झाल्या त्यांना हिशेब नाही. संध्याकाळी मामाजी कान देऊन म्हणायचे, "याचा रेडिओ आजकाल काहून एवढा जवळ वाटून राहिला?" आई म्हणायच्या, "आवाज वाढवला असन." दुपारी दोन्ही पुरुष बाहेर गेले की खालची प्लाय सरकायची आणि कोथिंबिरीची सांबारवडी, ताक, विरजण, शिवणाची कात्री, काय काय इकडून तिकडं जायचं. मामाजी जेवताना म्हणायचे, "आज भाजी लय चांगली झाली," आणि आई म्हणायच्या, "होय ना?"

मग भांड्यांचं येणं-जाणं सुरू झालं. काकूजींकडं पाहुणे आले की माझा लेमन सेट त्यांच्या बाजूला, आमच्याकडं आले की त्यांचा टी-सेट आमच्या बाजूला. तो टी-सेट फार देखणा होता. पांढरा, निळ्या काठाचा, लांब चोचीच्या किटलीचा. काकूजींच्या भावानं जबलपूरहून आणलेला. एकदा मामाजींनी अंगणातून जाता जाता त्यांच्या उघड्या दारातून आत पाहिलं आणि घरी येऊन तोऱ्यात म्हणाले, "पाह्यलं का? त्यानंही शोकेस केलं. अन् आपल्यासारखाच लेमन सेट आणला. नकलाकार!" तेव्हा आमचा वरचा खण रिकामा होता, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. काकाजीही घरी टी-सेटबद्दल हेच बोलतात असं काकूजींनी मला त्या खालच्या खणातून सांगितलं.

हे असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण माझ्या नणंदेला पाहायला छिंदवाड्याचे पाहुणे आले.

मुलगा, त्याचे वडील आणि एक आत्या. आत्या जाडजूड, कडक कलफाच्या पातळातल्या, आल्या आल्या घराचे कोपरे पाहणाऱ्या. आम्ही त्यांना शोकेससमोरच बसवलं होतं, नाही तर शोकेस केलं कशाला? वरच्या खणात लेमन सेट, खालच्या खणात काकूजींचा टी-सेट. चहा मात्र साध्या कपांतून दिला. आत्यांनी बशीत चहा ओतता ओतता शोकेसकडं पाहून मान डोलावली. आईंचा चेहरा उजळला.

मुलाचे वडील मामाजींना विचारत होते, "मुलीला काका वगैरे?"

"जवळचं असं कोणी नाही," मामाजी म्हणाले.

नेमकं त्याच वेळी पलीकडं काकाजी दुकानातून अवेळी घरी आले होते. त्यांच्याकडं कोणी व्यापारी आला होता, त्याला टी-सेटमधून चहा पाजायचा होता. काकूजी मागच्या अंगणात. काकाजींनी शोकेस उघडलं तर टी-सेट नाही! खाली वाकून पाहिलं तर खालच्या खणाच्या पाठीला बोटभर फट, आणि फटीतून निळा काठ.

आम्हाला हे काही माहीत नव्हतं. आम्हाला दिसलं ते एवढंच की काचेआड, टी-सेटच्या मागची भिंत आपोआप बाजूला सरकली आणि तिथून एक केसाळ हात आत आला. मनगटात घड्याळ, बोटात पोवळ्याची अंगठी. हातानं कप चाचपले आणि किटलीचा कान धरला.

"अगो बाई!" आत्यांच्या बशीतला चहा पातळावर सांडला. मुलगा उठून उभा राहिला. नणंद, जिनं मान खाली घालून बसायचं होतं, तिनं खाली घातलेली मान हसण्यानं हलायला लागली.

मामाजी शोकेसपाशी गेले. अंगठी त्यांनी ओळखली असावी. त्यांनी काच सरकवली आणि दुसऱ्या बाजूनं किटलीची चोच धरली.

"सोड," ते म्हणाले. भावाशी त्या लग्नानंतर बोललेला हा त्यांचा पहिला शब्द.

"माही किटली हाये," भिंतीतून आवाज आला.

"तुही किटली माह्या घरात काहून?"

"तेच तर मी विचारून राहिलो!"

किटली फुटणार म्हणून मी मामाजींची बोटं सोडवली. खणातून काकाजींचा चेहरा दिसला, लालेलाल. मागं काकूजींचा घाबरलेला. मामाजींनी वळून आईंकडं पाहिलं, आणि मला वाटलं आता खरंच काही खरं नाही.

आई शांतपणे उठल्या, पाहुण्यांकडं वळून म्हणाल्या, "हे मुलीचे काका. घर एकच हाये आमचं, दरवाजे दोन. भाऊजी, असे काय भिंतीतून बोलता? सामोरून या."

पाहुण्यांसमोर मामाजी काय बोलणार? काकाजी तरी काय करणार? ते बनियनवर होते. सदरा घालून, केस विंचरून, सामोरच्या दारातून आले आणि मामाजींच्या शेजारच्या खुर्चीवर ताठ बसले. मुलाचे वडील हसू आवरत त्यांना नमस्कार करते झाले. व्यापारी बिचारा तिकडं एकटाच बसून राहिला, त्याला मी खालच्या खणातून चहा दिला.

ते लग्न काही जुळलं नाही. मुलाला गाणारी मुलगी हवी होती आणि माझ्या नणंदेचा आवाज गाण्यासारखा नव्हता. पण निरोप घेऊन आलेल्या मध्यस्थानं सांगितलं की आत्याबाईंनी शोकेसवाल्या सुताराचा पत्ता मागितला आहे. वर्षभरानं नणंदेचं पांढुर्ण्यालाच जमलं, आणि त्या लग्नात शेला दोघा भावांना एकदमच पांघरला, माझ्या मिस्टरांनी एकाला आणि व्याह्यांनी दुसऱ्याला. कोणी आधी आणि कोणी नंतर हे ठरवता येऊ नये, अशा बेतानं.

भावांचं गोड झालं असं मात्र म्हणता येणार नाही. पाहुणे गेले त्या दिवशी आधी दोघांनी मिळून आम्हा बायकांना सुनावलं. "मले फसवलं," मामाजी म्हणाले. "मलेही," काकाजी म्हणाले. या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. मग खालच्या सरकत्या प्लायला खिळे ठोकायचं ठरलं. खिळे कोणाच्या बाजूनं ठोकायचे यावर त्यांचं भांडण जुंपलं आणि खिळे राहिले ते राहिलेच. अबोला मात्र गेला. त्याच्या जागी रोजची वादावादी आली, आणि मामाजींना ती फार मानवली.

मग काकाजींनी टीव्ही घेतला. आमच्याकडं नव्हता. मामाजींनी क्रिकेटच्या मॅचच्या दिवशी खुर्ची ओढून शोकेससमोर ठेवली, मला खालचा खण रिकामा करायला सांगितलं, काच उघडली आणि प्लाय सरकवली. पलीकडं थेट समोर टीव्ही होता.

"अरे, इकडंच ये ना बसाले," काकाजी म्हणायचे.

"मी माह्या घरात बसून पाहून राहिलो. तुले काय तरास हाये?"

"तुह्या डोक्याची सावली पडते काचेवर."

मॅच रंगली की दोघंही जेवायला उठायचे नाहीत. इकडून आई हाक मारून थकायच्या, तिकडून काकूजी. पोळ्या गार व्हायच्या. एकदा भर रंगात असताना दोघींनी एकमेकींना डोळ्यांनी खुणावलं. काकूजींनी तिकडून पुढं येऊन प्लायचा एक तुकडा सरकवला, आईंनी इकडून दुसरा. टीव्ही दिसेनासा झाला.

"आऊट झाला का?" मामाजी ओरडले. "अरे, सांग ना, आऊट झाला का?"

"आधी जेवून घ्या," आई म्हणाल्या आणि ताट वाढायला गेल्या.